धरण नसलेला फोटो

वरचा डावा तुकडा : आभाळ

या फोटोत धरण नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण साताऱ्यात आणि नंतर सांगलीत फोटोसमोर जो उभा राहिला त्याने पहिल्यांदा धरणच शोधलं. धरण डावीकडे आहे. कागद संपतो त्याच्या पुढे.

फोटो अख्ख्या भिंतीएवढा आहे. एवढा मोठा कागद मिळत नाही, म्हणून लहान कागद शेजारी शेजारी लावलेत. जोड दिसतात. आम्हालाही ही हकीकत सलग सांगता येत नाही. एकाने सुरू केली की दुसरा मध्येच तोडतो, तिसरी म्हणते, तसं नव्हतंच. तेव्हा तुकड्यातुकड्यानेच सांगतो.

आमचं गाव आंबेखडक. कोयनानगरच्या खालच्या अंगाला, घाटरस्त्याच्या वळणावर. जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी फौजेत. आणि इथली जमीन हलते. रोज नाही, पण ताटातली आमटी थरथरली की आम्ही ओळखतो. घरात असलो तर बाहेर येतो. बाहेर असलो तर मान वळवून धरणाकडे बघतो. थरथर थांबेपर्यंत बघतो. धरण जागेवर असतं, मग आम्ही पुन्हा कामाला लागतो. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. सदुसष्टच्या भूकंपानंतर जन्मलेली पोरंही तेच करतात. बाहेरगावची सून पहिल्या वर्षी ओरडत पळते. दुसऱ्या वर्षापासून तिचीही मान वळायला लागते.


खालचा उजवा तुकडा : म्हैस

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर ज्ञानदाताई सांगलीहून आली. तिच्या फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाने एक मोठं काम काढलं होतं. कोयनेपासून पलूसपर्यंत, नदीच्या काठाकाठाने, गावागावाने आपला स्वतःचा फोटो काढायचा. भिंतीएवढा. मग सगळ्या गावांचे फोटो साताऱ्यात आणि सांगलीत ओळीने लावायचे.

"क्यामेरा कुठं हाय?" सरपंच नाथाजीने विचारलं. तिच्या खांद्याला नुसती कापडी पिशवी होती.

"तुमच्याकडेच आहे," ती म्हणाली. "एखादी रिकामी खोली दाखवा."

आम्ही सोसायटीचं खताचं गोदाम दाखवलं. त्याच्या सगळ्या फटी शेणकाल्याने बुजवल्या, पत्र्याच्या कडांना गोणपाट ठोकलं. समोरच्या भिंतीत ताईने बोटाएवढं भोक पाडून घेतलं आणि त्याच्यावर बारीक छिद्राचा पत्रा बसवला. दार लावलं. काळोख. आणि थोड्या वेळाने आतल्या भिंतीवर आमचं गाव उमटलं. उलटं. जांभळीचं झाड खाली शेंडा करून, हातपंप छताला लटकलेला, बाया डोक्यावर चालत पाण्याला निघालेल्या.

पुढचे काही दिवस गावात दुसरं काम झालं नाही. नाथाजीला बाहेर उभं करायचं आणि आत जाऊन बघायचं, हा खेळ.

"सरपंच, लय झ्याक लटकलाय," भाऊसो आतून ओरडायचा.

"मला बी बघू द्या की."

"तुमी आत आला तर बाहीर कोण लटकणार?"

मग ताईने एक लहान कागद भिंतीला लावून परीक्षा घेतली. आम्ही सगळे नटून समोर उभे राहिलो. खोलीच्या या कॅमेऱ्याला वेळ लागतो, चुलीवरच्या आधणाला उकळी येईपर्यंत तरी उभं राहावं लागतं. कागद धुऊन बाहेर आणला. जांभळ आली होती. हातपंप आला होता. आमच्यापैकी एकही जण आला नव्हता. जिथे आम्ही उभे होतो तिथे विरळ धूर होता, आणि धुराच्या शेजारी भाऊसोची म्हैस. खुंट्यापाशी रवंथ करत बसलेली, शिंगासकट स्वच्छ.

"हलेल ते पुसलं जातं," ताई म्हणाली.

"म्हंजे गावात शिस्तीची एकटी म्हसच," राहीकाकी म्हणाली. भाऊसोला ते लय आवडलं.

मोठ्या कागदाची खेप प्रत्येक गावाला एकच होती. एकदाच काढायचा, आला तर आला. आणि ज्ञानदाताईच्या तोंडून आम्हाला कळलं होतं की पलूसकडच्या एका गावाचा फोटो इतका चोख आलाय की एका बाईच्या नथीतला मोतीसुद्धा दिसतो.

त्या मोत्याने आमची झोप घालवली.


मधल्या ओळीचे तुकडे : माणसं

हलायचं नाही हे शिकवणारा माणूस गावात होता. हंबीरतात्या. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, राहीकाकीचे मालक. त्यांनी गोदामासमोरच्या शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाला ओळीत उभं केलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, गावचा गुरव, सगळे.

"पापणी हालली तर चालंल," तात्या सांगायचे. "मान हालाय नगं. माशी बसली तर बसू द्या. ती बी फोटूत यील."

"आन् शिंक आली तर, तात्या?"

"सुट्टी न्हाई शिंकंला."

तरी लोक डुलायचे. एकटा माणूस कितीही ताठ उभा राहिला तरी झाडासारखा डुलतो. मग तात्यांनी युक्ती काढली. कोपरात कोपर अडकवायचं. मागच्या ओळीने पुढच्या ओळीला छाती टेकवायची. उसाची मोळी उभी केली की एकेक कांडकं कसं जागचं हलत नाही, तसं. आठवडाभरात आम्ही असे उभे राहायला लागलो की रस्त्याने जाणारी एसटी थांबून बघायची.

पण तात्यांचा स्वतःचा उजवा हात थांबत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यात कंप शिरला होता. आधी बोटांत, मग मनगटात, मग खांद्यापर्यंत. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, त्याने झोप यायची. हात चालूच. गावाने त्याची सवय करून घेतली होती. ते ज्या घरी जातील तिथे त्यांना अर्धा कप चहा मिळायचा, सांडू नये म्हणून. देवीच्या पालखीला खांदा देताना कोणीतरी आपणहून त्यांच्या जागी सरकायचं. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे समजुतीने वागत होते.

फोटोच्या आदल्या दिवशी नाथाजीही समजुतीनेच त्यांच्याकडे गेला.

"आवं तात्या, उद्या हुकूम कोण देणार?"

"म्हंजे? मीच की."

"मग तुमी बाहीर पायजेल. गोदामाच्या भितीपाशी. तितनं सगळी वळ नदरंत यील."

तात्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"बरुबर हाय," ते म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की नाथाजीने मनात जुळवून आणलेलं पुढचं सगळं बोलणं तसंच राहिलं.

त्या संध्याकाळच्या कवायतीत तात्यांनी आम्हाला फार छान उभं केलं. एवढं छान आम्ही आधी कधी उभे राहिलो नव्हतो. सुटी झाल्यावर मात्र ते पटांगणात एकटेच थांबले, मधल्या ओळीत राहीकाकीशेजारी त्यांच्यासाठी जी जागा मोकळी असायची तिथे. सावधान. आम्ही कुंपणापाशी होतो. आम्ही बघितलं आणि घरी गेलो. हा तुकडा सांगायला कोणालाच आवडत नाही, पण तो इथेच बसतो.


अगदी मधला तुकडा : राहीकाकीचा दंड

सकाळी ऊन तोंडावर आलं. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. सुट्टीवर आलेल्या दोन जवानांनी वर्दी चढवली होती. म्हशीला धुतलं होतं, तिची जागा तिने कमावली होती. गोदामात भिंतीवर मोठे कागद चिकटवून ताई दारात आली.

आम्ही ओळी धरल्या. राहीकाकीने उजव्या कोपरात शेजारणीचं कोपर घेतलं. तिचं डावं कोपर तसंच मोकळं.

"ह्यांची जागा कुठं हाय?" तिने विचारलं.

"काकी, तात्या हुकूम देणार हायती," नाथाजी म्हणाला.

"आन् हुकूम दिऊन झाल्यावं?"

नाथाजी पुढची ओळ सरळ करायला लागला.

"दोन वर्सं झाली," राहीकाकी म्हणाली, "ज्या घरात जातील तितं ह्यास्नी अर्धा कप च्या. मी काय बोलले न्हाई. मनात म्हनलं, मायेनं करत्यात. पर गावाच्या फोटूत अर्धा बी न्हाई?"

"तसं न्हवं काकी. हात हालतोय. एकाला एक जोडल्यात सगळी. आख्खी वळ हालंल."

"पलूसवाल्यांच्या फोटूत नथीतला मोती दिसतोय," भाऊसो म्हणाला.

"मग जा की पलूसला. मोती लेवून या नाकात."

तिने शेजारणीच्या कोपरातून हात काढून घेतला आणि ओळीबाहेर येऊन उभी राहिली. तिच्यामागे शेजारीण आली. मग तिची सून. मग बायकांची निम्मी ओळ सुटली आणि पटांगणावर मोळीचा बंध तुटल्यासारखं झालं.

नाथाजीने ताईकडे पाहिलं. शहरातलं माणूस, ती तरी आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटलं असावं.

"फोटो तुमचा आहे," ती म्हणाली. "कोणी उभं राहायचं ते मी कसं सांगू? एवढंच माहीत आहे, हलेल ते दिसणार नाही. आणि कागद पुन्हा नाही."

नाथाजीसाठी तो सोपा निर्णय नव्हता. त्याला गावाचा फोटो सगळ्यांत चोख हवा होता. आम्हालाही हवा होता. तो गोदामाच्या भिंतीपाशी गेला.

"चला तात्या."

"नगं रं. पोरांची म्हेनत वाया जाईल."

"आता तुमी बी मलाच शिकवनार का?" राहीकाकी लांबूनच म्हणाली.

तात्या आले. त्यांचं उजवं कोपर राहीकाकीने आपल्या कोपरात घेतलं आणि वरून दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. डावीकडे भाऊसो लागला. ओळी पुन्हा जुळल्या. ताई आत गेली, दार लागलं.

"गाव," तात्यांनी ओळीतूनच हुकूम दिला, "सावधान."

हात कापत होता. आवाज कापत नव्हता.


याच्या शेजारचे सगळे तुकडे : माना

आधी कोपरात जाणवलं. मग खांद्यात, मग पाठीत. राहीकाकी जितकी घट्ट धरत होती तितकं ते पुढे सरकत होतं. एका कोपरातून दुसऱ्या कोपरात, पुढच्या ओळीतून मागच्या छातीत. बारीक, एकसारखं, न थांबणारं. आम्हाला जन्मापासून ओळखीचं.

आम्ही माना वळवल्या आणि धरणाकडे पाहिलं.

सगळ्यांनी. विचार करायला वेळ होता असं कोणी म्हणू नये, मान विचाराच्या आधी जाते. पटांगणात सक्त सावधान, सगळं गाव ताठ, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. धरण जागेवर होतं. पण थरथर थांबत नव्हती, आणि ती थांबेपर्यंत बघायचं ही रीत. तेव्हा आम्ही बघत राहिलो. एवढा लांबलेला भूकंप आमच्या आठवणीत नव्हता. ओरडावं असं खूप जणांना वाटलं, पण हुकूम होता. शेवटी शेवटी तर जमीन एवढी हलत असताना एकानेही ओळ मोडली नाही, याचा आम्हाला अभिमान वाटायला लागला होता.

दार उघडलं. ताई बाहेर आली, आणि तिचा चेहरा आम्ही नीट पाहिला नाही, कारण आम्ही अजून धरणाकडेच बघत होतो.

"काय झालं?" ती म्हणाली. "आत भिंतीवर उलटं गाव होतं. त्या उलट्या गावाने एकदम मान फिरवली. मी घाबरले."

"भूकंप हुता," नाथाजी म्हणाला. "तुमास्नी जाणवला न्हाई? लय मोठा हुता. ह्या गोदामाचा पत्रा कसा काय वाजला न्हाई?"

पत्र्याचा प्रश्न विचारल्यावर त्याने स्वतःच वर पत्र्याकडे पाहिलं.

तात्यांनी भाऊसोच्या कोपरातून हात सोडवला.

"भूकंप न्हवता," ते म्हणाले. "मी हुतो."

राहीकाकी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. "उभा जन्म फौजंत गेला," ती म्हणाली, "आन् गाव हालवलं ते आज." मग भाऊसो हसला, मग मागची ओळ, आणि शेवटी नाथाजी. नाथाजी हसला पण त्याच्या डोळ्यांपुढे तो मोती होता, हे आम्हाला दिसत होतं.


मागची बाजू : काळा कागद

कागद धुवायला मोठी भांडी लागतात. ताईने कराडकडच्या एका गुऱ्हाळातून दोन जुन्या काहिली मागवल्या होत्या, गुळाचा वास न गेलेल्या. लाल दिव्याच्या उजेडात, ताई सांगेल तसं, आम्हीच स्पंजाने औषध लावलं. हळूहळू गाव वर आलं. चेहरे काळे, केस पांढरे, आभाळ डांबरासारखं. ते तसंच यायचं होतं, सांगलीला त्याच्यावरून दुसरा कागद छापला की सुलट होणार होतं. पण काळ्यातसुद्धा माना दिसत होत्या. रांगेने, एका बाजूला.

"गेला," नाथाजी म्हणाला.

ताई वाकून मधल्या तुकड्याकडे बघत होती. तिने काहिलीतून तो कागद दोन्ही हातांनी उचलला आणि दिव्याजवळ नेला. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"सरपंच," ती म्हणाली, "हे बघा."

नाथाजीने पाहिलं. मग त्याने दार किलकिलं करायला सांगितलं, उजेड शिरेल म्हणून ताईने नाही म्हटलं, तेव्हा त्याने आतूनच हाक मारली.

"तात्या. आवं तात्या, तुमी आलाय."


पुन्हा मधला तुकडा, सुलट

सांगलीला फोटो बघायला आम्ही ट्रकने गेलो. साताऱ्याचं प्रदर्शन आधी झालं होतं, तिथे आमच्यातले थोडेच जाऊ शकले. सांगलीला सगळे. नदीच्या घाटाजवळच्या मोकळ्या जागेत बांबूंवर गावंच्या गावं उभी होती. पलूसकडचा मोती आम्ही शोधून काढला. खरोखर दिसत होता. भाऊसोने बोट लावून बघितलं.

पण गर्दी आमच्या फोटोपुढे होती.

फोटोत सगळ्या गावाचे दोन दोन चेहरे आहेत. एक फिकट, समोर बघणारा, आपण वळण्याआधी होतो तो. त्याच्यावर दुसरा गडद, बाजूने, डावीकडे बघणारा. गुरव, लेकुरवाळ्या, दोन्ही जवान, नाथाजी, राहीकाकी. सगळे एकाच ठिकाणी बघतायत, एवढे ठाम की फोटोबाहेरचा माणूसही तिकडे वळून बघतो. म्हैस मधोमध कुठेतरी बघतेय. आणि ओळीच्या मध्यात एक चेहरा एकटा, एकच, समोर. कपाळावरच्या आठ्या, मिशी, कानाची पाळी, सगळं जिथल्या तिथे. उजव्या हाताच्या जागी मात्र धुकं आहे, आणि त्या धुक्यात राहीकाकीची बोटं अर्धी बुडालेली.

ताईने फोटो असा लावला होता की आमची तोंडं नदीच्या वरच्या अंगाला. आम्ही तिथूनही धरणाकडेच बघत होतो.

घाटाजवळ राहणारे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. विष्णुपंत, असं त्यांच्या नातीने हाक मारल्यावर कळलं. नाही, "आजोबा" म्हणाली ती. नाव त्यांनी मागून सांगितलं.

"हे सगळे कुठे बघतायत हो?" त्यांनी विचारलं.

"धरणाकडं," आम्ही म्हणालो. एकदम, शाळेतल्यासारखं.

"का?"

मग नाथाजीने सांगितलं. जमीन हलली की आम्ही काय करतो ते. तात्यांच्या हाताचं त्याने गाळलं. राहीकाकीने ते मध्येच तोडून सांगितलं.

विष्णुपंत फोटोच्या आणखी जवळ सरकले. "आम्ही पावसाळ्यात रेडिओला कान लावून बसतो," ते म्हणाले. "वरून किती पाणी सोडलं, घाटाच्या कुठल्या पायरीपर्यंत येईल. इतकी वर्षं ऐकतोय. तिकडे रोज कोणी उभं राहून बघत असेल, हे कधी मनात आलं नाही." मग त्यांनी नातीला जवळ घेऊन एकेक चेहरा दाखवायला सुरुवात केली, आपल्याच नात्यातले असल्यासारखे. "आणि हे एकटेच इकडे बघणारे कोण?"

"त्यो मी," तात्या मागून म्हणाले. "मला ठावं हुतं, धरण जाग्यावं हाय."

विष्णुपंतांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. शेजारच्या टपरीवाल्याला त्यांनी हात केला. सगळ्यांना चहा. परक्या गावचा टपरीवाला, त्याला काय माहीत. त्याने तात्यांच्या हातात काठोकाठ भरलेला कप दिला.

आम्ही सगळ्यांनी मान वळवून कपाकडे पाहिलं.

थोडा बशीत सांडला, थोडा सदऱ्यावर. राहीकाकीचा हात पुढे आला नाही. तात्यांनी कप ओठापर्यंत नेला, उरलेला सगळा प्याले, सावकाश, आणि मिशी पुसली.

"माज्याकडं काय बघताय रं," ते म्हणाले. "धरण तिकडं हाय."